चार अक्षरांचा अहवाल आणि त्यामागचे शास्त्र

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांची मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयातल्या एका कार्यशाळेत तिने व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि हाती आलेल्या अहवालावर चार इंग्रजी अक्षरे होती. त्यांतले पहिले ‘आय’, म्हणजे अंतर्मुख. सातपूरच्या एका कारखान्यातून विक्री अभियंता या पदाच्या मुलाखतीचे बोलावणे आले असताना, ‘माझा स्वभावच तसा नाही, चाचणीतच आले आहे’ असे म्हणून ती ते नाकारायला निघाली आहे. व्यक्तिमत्त्वाचे मुख्य सिद्धान्त कोणते, त्यांतला खरा कोणता मानायचा आणि माणसाचा स्वभाव खरोखर मोजता येतो का, असे वडिलांनी विचारले आहे. अहवालाच्या पानाचे छायाचित्रही त्यांनी सोबत पाठवले आहे.

मी चोवीस वर्षे नाशिकमध्ये चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे आणि या काळात अशा अहवालांच्या कितीतरी झेरॉक्स माझ्या टेबलावर आल्या आहेत. स्वभाव मोजता येतो, हे आधीच सांगते. मात्र कोणती चाचणी काय मोजते, हे तिच्यामागे कोणता सिद्धान्त उभा आहे यावर अवलंबून असते. म्हणून सिद्धान्त आणि मोजमाप हे दोन विषय मी वेगळे न ठेवता एकत्रच मांडणार आहे.

माणसांचे प्रकार पाडण्याची सवय फार जुनी आहे. सत्त्व, रज, तम हे तीन गुण किंवा वात, पित्त, कफ या तीन प्रकृती आपल्या बोलण्यात आजही आहेत. ‘त्याची पित्तप्रकृती आहे, त्याच्या तोंडी लागू नकोस’ असे आजी सहज म्हणून जाते. ग्रीक वैद्यकातही शरीरातल्या चार रसांवरून चार स्वभाव मानले जात. या मांडण्यांमध्ये निरीक्षण पुष्कळ आहे. परंतु एखाद्या माणसात रजोगुण किती हे दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासले तर त्यांचे उत्तर जुळेल का, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नव्हता. आधुनिक मानसशास्त्राने भर घातली ती प्रामुख्याने या प्रश्नाची.

फ्रॉइडने माणसाच्या वागण्याचे मूळ अबोध मनात शोधले. १९२३ साली त्याने इदम्, अहम् आणि पराहम् अशी मनाची रचना मांडली: तत्काळ सुख मागणारी प्रेरणा, वास्तवाशी मेळ घालणारा ‘मी’ आणि आईवडिलांच्या व समाजाच्या आज्ञा आत वागवणारा भाग, आणि या तिघांची सततची ओढाताण. भारतात हा विचार लवकर पोहोचला; गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली होती. आता जे अबोध आहे ते माणसाला स्वतःलाच ठाऊक नसते, त्यामुळे या परंपरेत सरळ प्रश्नावली देऊन भागत नाही. उत्तर आडवाटेने काढावे लागते, आणि प्रक्षेपण चाचण्या, म्हणजे संदिग्ध चित्र किंवा आकृती दाखवून माणूस त्यात काय पाहतो यावरून त्याच्या मनाचा अंदाज घेणाऱ्या चाचण्या, त्यातूनच आल्या. स्वित्झर्लंडच्या हर्मन रोर्शाकने १९२१ मध्ये शाईच्या डागांची दहा कार्डे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, तो वारला, आणि कार्डे कशी वाचायची याबद्दल त्याच्या मागे अनेक परस्परविरोधी पद्धती निर्माण झाल्या. १९७४ साली जॉन एक्सनर यांनी त्या एका शिस्तीत आणल्यावर या चाचणीला बरीच स्थिरता आली. विचारप्रक्रियेतला गंभीर विस्कळीतपणा ओळखण्यासाठी मी ती आजही वापरते, परंतु निरोगी मुलीचे करिअर ठरवण्यासाठी ती कधीच काढत नाही.

दुसरी प्रक्षेपण चाचणी नाशिककरांना वेगळ्या कारणाने परिचित आहे. हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांनी १९३०च्या दशकात हार्वर्डमध्ये चित्रे दाखवून गोष्टी सांगायला लावण्याची पद्धत तयार केली. लष्करातल्या अधिकारीपदासाठी होणाऱ्या एसएसबीच्या निवडीत तिचेच एक रूप असते: अकरा चित्रे आणि एक कोरी पाटी, प्रत्येक चित्र तीस सेकंद पाहायचे आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. देवळालीचा तोफखाना आणि भोसला मिलिटरी स्कूल ज्या शहरात आहे तिथे या परीक्षेची तयारी करणारी मुले भरपूर असणारच. मागे एक मुलगा सरावाची वही घेऊन आला होता. त्याच्या बाराही गोष्टींत नायक गावात येतो, लोकांना एकत्र करतो, श्रमदानातून बंधारा बांधतो आणि शेवटी सरपंच त्याचा सत्कार करतात. एका चित्रात खिडकीशी एकटीच बसलेली बाई होती. तिथेही बंधारा झाला. मी विचारले, ‘ही बाई कोण रे?’ त्याने चित्र परत पाहिले, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मॅडम, माझी आई अशी बसते.’ चाचणीला जे हवे होते ते त्या एका वाक्यात होते, आणि पाठ केलेल्या बाराही गोष्टींनी ते झाकून टाकले होते.

फ्रॉइडपासून वेगळा झालेला कार्ल युंग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण अहवालातले ‘आय’ त्याच्याकडून आलेले आहे. १९२१ साली मानसिक प्रकारांवरच्या आपल्या ग्रंथात त्याने अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द मांडले. लक्ष आणि ऊर्जा प्रामुख्याने आतल्या जगाकडे वळते की बाहेरच्या, असा त्याचा मुद्दा होता, आणि दोन्ही वृत्ती प्रत्येक माणसात असतात असे तो मानत असे. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी युंगच्या कल्पनांवरून प्रश्नावली तयार केली. दोघींचेही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, तरी त्यांची मेहनत आणि तळमळ मोठी होती. चार जोड्या, प्रत्येक जोडीतले एक अक्षर, मिळून सोळा प्रकार: मायर्स-ब्रिग्ज चाचणी ती हीच.

या चाचणीचा दोष समजायला उंचीचे उदाहरण पुरते. वर्गातल्या साठ मुलांची उंची मोजली तर थोडी मुले फार उंच, थोडी फार बुटकी आणि बहुतेक मधल्या उंचीची निघतील. आता मधोमध रेघ मारून अलीकडच्यांना ‘बुटके’ आणि पलीकडच्यांना ‘उंच’ म्हटले, तर रेघेच्या दोन बाजूंना उभी असलेली, एका बोटाचाही फरक नसलेली दोन मुले विरुद्ध गटांत जातात, आणि अलीकडे उभा असलेला मुलगा सर्वांत बुटक्या मुलाच्या गटात मोजला जातो. बहिर्मुखतेचे गुणही असेच मध्याभोवती दाटलेले असतात. त्यामुळे रेघेजवळची व्यक्ती काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरते तेव्हा अक्षर बदलून येणे मुळीच दुर्मीळ नाही. ही चाचणी नोकरीसाठी उमेदवार निवडायला किंवा वगळायला वापरू नये, असे तिच्या प्रवर्तकांचे स्वतःचेच धोरण आहे. आपली मुलगी मात्र तिच्या आधारे स्वतःलाच वगळायला निघाली आहे.

आता त्या परंपरेकडे येते, जिच्यावर आज संशोधकांचा सर्वाधिक भर आहे. तिची सुरुवात शब्दकोशातून झाली. माणसांमधले जे फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे असतात त्यांच्यासाठी भाषेत शब्द तयार होतातच, असे तिचे गृहीतक आहे. मराठीपुरते पाहा: तापट, घुमा, बोलघेवडा, मनमिळाऊ, धांदरट, चिवट, हळवा, नीटनेटका, चेंगट, मितभाषी, आतल्या गाठीचा. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून असे सुमारे अठरा हजार शब्द काढले आणि त्यांतले साडेचार हजारांच्या आसपास शब्द टिकाऊ गुणविशेष सांगणारे मानले. रेमंड कॅटेलने घटक विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीने त्यांचे गट पाडून सोळा घटकांची चाचणी तयार केली. ती १९४९ मध्ये आली आणि भारतात अनेक ठिकाणी अजून चालते. लंडनच्या हान्स आयझेंकला सोळा फार वाटले. त्याने आधी दोन आणि मग तीनच परिमाणे मानली आणि त्यांचे मूळ मज्जासंस्थेच्या जडणघडणीत शोधले. या दोघांचा वाद दीर्घकाळ चालला. दरम्यान १९६१ साली अमेरिकी हवाईदलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि ख्रिस्टल यांना वेगवेगळ्या गटांच्या माहितीत पुन्हा पुन्हा पाचच घटक दिसले. पुढे लुइस गोल्डबर्ग यांनी त्यांना ‘बिग फाइव्ह’ म्हटले, आणि पॉल कोस्टा व रॉबर्ट मॅक्रे यांनी २४० विधानांची, पाच घटक व त्यांचे तीस उपघटक मोजणारी प्रश्नावली १९९२ मध्ये सुधारित स्वरूपात प्रसिद्ध केली.

हे पाच घटक माझ्या शब्दांत सांगते. पहिला, नव्या अनुभवांना, कल्पनांना आणि कलेला मन मोकळे असणे. दुसरा कर्तव्यदक्षता: वेळ पाळणे, घेतलेले काम तडीस नेणे, वही-कपाट जागच्या जागी असणे. तिसरा बहिर्मुखता, ज्यात बोलकेपणाबरोबर उत्साह, ठामपणा आणि आनंद चटकन वाटणे हेही येते. चौथा सौहार्द, म्हणजे दुसऱ्याला समजून घेणे, जुळवून घेणे, विश्वास टाकणे. पाचवा पाठ्यपुस्तकात चेतापदशीलता या जड नावाने येतो. काळजी, चीड आणि उदासी किती लवकर चढते आणि किती उशिरा उतरते, हे त्यात मोजले जाते. अॅश्टन आणि ली यांनी प्रामाणिकपणा व विनम्रता हा सहावा घटक सुचवला आहे, आणि तो जोडण्याच्या बाजूने मला तरी पुष्कळ पुरावा दिसतो.

या मांडणीत प्रकार नाहीत, पट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठेतरी असतो. तिच्याशी जोडलेले पुरावेही भक्कम आहेत. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या गुणांतल्या माणसामाणसांमधल्या फरकांपैकी ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तपासलेल्या सर्व व्यवसायगटांमध्ये कामाच्या दर्जाशी कर्तव्यदक्षतेचे नाते आढळले, बहिर्मुखतेचे मात्र काही ठरावीक व्यवसायांपुरते. शिवाय स्वभाव दगडावरची रेघ नसतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ नमुन्यांवरचे दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले. विशीपासून चाळिशीपर्यंत कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जाते, असे त्यांत दिसले. आपली मुलगी या बदलाच्या उंबरठ्यावर उभी आहे.

तरीही पाच घटकांना मी सार्वत्रिक सत्य मानत नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती आणि शिकार करणाऱ्या समाजात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे पाच घटक नीट सापडले नाहीत. ही गोष्ट मला परकी वाटत नाही, कारण तिचे छोटे रूप मी माझ्याच खोलीत पाहिले आहे. इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या एका प्रश्नावलीत ‘मला पार्ट्यांमध्ये मजा येते’ असे विधान होते. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावची, द्राक्षबागेत वाढलेली एकोणीस वर्षांची मुलगी ते भरत होती. तिने त्या विधानावर पेन थांबवले, माझ्याकडे पाहिले आणि काहीशी दुखावून म्हणाली, ‘मॅडम, आमच्या घरातल्या बायका पार्टीला जात नाहीत.’ तिच्या गावात पार्टी म्हणजे शेतावर पुरुषांनी केलेले मटण आणि दारू. तिने ‘अजिबात सहमत नाही’वर ठळक खूण केली आणि गणनेत तिचा बहिर्मुखतेचा एक गुण गेला. हीच मुलगी हळदीच्या रात्री शंभर बायकांना नाचवते, हे तिच्या आईने नंतर सांगितले. विधानाचे भाषांतर अचूक होते, अर्थ मात्र पोहोचला नव्हता. म्हणून कोणत्याही चाचणीबद्दल मी पहिल्यांदा हे विचारते की तिची मराठी आवृत्ती इथल्या माणसांवर तपासून घेतली आहे का आणि तिची मानके, म्हणजे गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ती सरासरी, कोणत्या गटावरून काढली आहेत. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सरासरीशी तुलना करून निफाडच्या मुलीला अंतर्मुख ठरवणे चुकीचे आहे, आणि अशा चुकांनी मुलांचे खरोखर नुकसान होते.

मोजमापाच्या बाकीच्या कसोट्यांपैकी विश्वसनीयता म्हणजे तीच मोजणी पुन्हा केल्यावर साधारण तेच उत्तर येणे. ते शंभर टक्के कधीच येत नाही, आणि किती येत नाही याचा हिशेब करता येतो. समजा गुणांची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १० अशी पट्टी आहे आणि चाचणीची विश्वसनीयता १ पैकी ०.८४ आहे, म्हणजे बऱ्यापैकी चांगली. अशा चाचणीत मोजणीची प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजणी साधारण किती चुकू शकते याचे माप, ४ गुणांची येते. एखाद्याला ४६ गुण पडले तर त्याचा खरा गुण साधारण ३८ ते ५४ यांच्या दरम्यान आहे, एवढेच आपण विश्वासाने म्हणू शकतो. हा पट्टा सरासरीच्या अलीकडूनही जातो आणि पलीकडेही. अहवालावर छापलेले एकच अक्षर हा पट्टा पुसून टाकते.

सप्रमाणता म्हणजे चाचणी जे मोजण्याचा दावा करते तेच मोजते का, आणि इथे खोटी उत्तरेही आड येतात. मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅककिन्ले यांनी तयार केलेल्या, १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या एमएमपीआय या चाचणीत त्यासाठी वेगळ्या मापनश्रेणी घातलेल्या आहेत: स्वतःला फार चांगले दाखवणारा, फार वाईट दाखवणारा, न वाचता खुणा करणारा, हे सगळे त्यांत बऱ्याच प्रमाणात उघडे पडतात. ती मानसिक आजारांच्या निदानासाठी आहे, नोकरीच्या चाळणीसाठी नव्हे. शिवाय आपल्याकडे आणखी एक अडचण मी रोज पाहते: समोरच्या मोठ्या माणसाला ‘नाही’ कसे म्हणायचे, या संकोचाने विधानांना सरसकट ‘सहमत’ म्हणणे. अंबडच्या एका कारखान्यातल्या कामगाराने ‘मी पटकन रागावतो’ आणि ‘मला सहसा राग येत नाही’ या दोन्ही विधानांवर सहमतीची खूण केली होती, आणि त्यात त्याची लबाडी कणभरही नव्हती.

अहवाल वाचून ‘अगदी मीच ही’ असे वाटणे, हा सप्रमाणतेचा पुरावा नाही. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी देऊन आठवड्याने प्रत्येकाला ‘त्याचा’ अहवाल दिला. तो सगळ्यांचा एकच होता, आणि त्यातली बरीच वाक्ये भविष्याच्या पुस्तकातून घेतली होती. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव आणि करिअर सांगणाऱ्या अहवालांची मोहिनीही याच जातीची आहे. त्या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही, आणि पालकांनी तिच्यावर पैसे घालवू नयेत असे मी कळकळीने सांगते.

गुणविशेषांच्या या सगळ्या इमारतीला सर्वांत मोठा हादरा वॉल्टर मिशेलने १९६८ साली दिला. चाचणीतल्या गुणांचा प्रत्यक्ष प्रसंगातल्या वागण्याशी सहसंबंध (० म्हणजे काहीच नाते नाही, १ म्हणजे पूर्ण नाते) ०.३० च्या वर क्वचितच जातो, असे त्याने दाखवले. घरी तोंडातून शब्द न काढणारा मुलगा क्रिकेटच्या मैदानावर ओरडून ओरडून संघ चालवतो, हे आपण पाहतोच. सेमूर एपस्टीनने १९७९ मध्ये उत्तर दिले की एकाच प्रसंगाऐवजी अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी घेतली तर सातत्य स्पष्ट दिसते. माझ्या मते दोघेही बरोबर आहेत. मुलीचा वर्षभराचा एकूण कल चाचणी बऱ्यापैकी सांगेल, मात्र येत्या मंगळवारी एका खोलीत, एका माणसासमोर ती कशी बोलेल, हे चाचणी सांगू शकत नाही.

कार्ल रॉजर्सने स्वतःबद्दलच्या प्रतिमेला व्यक्तिमत्त्वाचा गाभा मानले आणि आपण जसे आहोत व जसे असावे असे वाटते यांतल्या अंतरात दुःखाचे मूळ पाहिले. समुपदेशनात त्याचा आधार मोठा आहे, मोजमापात कमी. आपल्या मुलीच्या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटतो तो अल्बर्ट बांडुराचा विचार. १९७७ साली त्याने स्वक्षमतेची कल्पना मांडली: एखादे विशिष्ट काम मला जमेल, हा माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज. हा अंदाज कमी असेल तर माणूस कामाला हातच घालत नाही, हात न घातल्याने सराव होत नाही आणि अंदाज आणखी खाली येतो. इतरांचे बोलणे हा त्या अंदाजाचा एक स्रोत आहे, आणि छापील, रंगीत, इंग्रजी अहवालाचे बोलणे एकवीस वर्षांच्या मुलीला कोणत्याही काकूच्या बोलण्यापेक्षा जड वाटते. तिचा स्वभाव त्या अहवालाने बदललेला नाही, तिचा स्वतःविषयीचा अंदाज मात्र बदलला आहे. बांडुराच्या मते या अंदाजाचा सर्वांत बळकट स्रोत आहे ते काम प्रत्यक्ष करून थोडेफार जमल्याचा अनुभव.

म्हणून कोणता सिद्धान्त खरा, याचे माझे उत्तर कामावरून ठरते. निवडीसाठी आणि संशोधनासाठी पाच घटक, आजाराच्या निदानासाठी एमएमपीआयसारखी साधने व दीर्घ मुलाखत, आणि एखादे माणूस अडले असेल तर रॉजर्स आणि बांडुरा. आपली मुलगी अडली आहे. तिला दुसऱ्या चाचणीची गरज मला वाटत नाही.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात पहिल्या अक्षराशेजारी एक आडवी पट्टी आहे. तिच्यावरची खूण मध्यरेषेपासून जेमतेम सरकलेली दिसते. त्या पट्टीवर बोट ठेवून मुलीशी बोला, अक्षरावर नको. अॅडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० प्रतिनिधींची कमाई तपासली होती, आणि सर्वाधिक कमाई अत्यंत बहिर्मुख लोकांची नसून मधल्या पट्ट्यातल्यांची निघाली, हेही तिला जरूर सांगा. विक्री अभियंत्याला ग्राहकाच्या यंत्राची अडचण आधी ऐकून घ्यावी लागते, आणि ऐकून घेणे तिला जमते असे आपणच लिहिले आहे. शक्य असेल तर मुलाखतीच्या आधी ओळखीच्या एखाद्या विक्री अभियंत्याबरोबर तिला एक दिवस सातपूर-अंबडच्या फेरीवर पाठवा. सकाळी दोन ठिकाणी तिने नुसते पाहावे, तिसऱ्या ठिकाणी पहिले पाच प्रश्न तिने विचारावेत. संध्याकाळी घरी आल्यावर काय जमले आणि काय अडले हे तिच्याच तोंडून ऐका, आणि मुलाखतीला जायचे की नाही ते त्यानंतर तिला ठरवू द्या.